दाताच्या कॅपचे यंत्र घेण्यापूर्वी

रूट कॅनाल संपले की दंतवैद्य दात चहूबाजूंनी कोरून थोडा लहान करतात, त्याचे माप घेतात आणि सांगतात, ‘आठ दिवसांनी या, कॅप बसवू.’ रुग्ण तात्पुरती कॅप घालून घरी जातो. मधल्या आठ दिवसांत ते माप कुठे जाते आणि दातासारखा दात कोण घडवतो, याचा विचार सहसा कोणी करत नाही. हे काम डेंटल लॅबमध्ये होते. लहान शहरातली अशी लॅब म्हणजे बहुतेकदा एक-दोन खोल्या, प्लास्टरचे साचे, एक भट्टी आणि दोन-चार कारागीर. दंतवैद्य कायदा, १९४८ या कायद्यात अशा कारागिराला ‘डेंटल मेकॅनिक’ म्हटले आहे आणि त्याच्या नोंदणीची तरतूद केली आहे. रुग्ण त्याला कधी पाहत नाही, पण त्याच्या हातचे काम पुढे कित्येक वर्षे तोंडात वागवतो.

या छोट्या लॅबपुढे आता एक मोठा प्रश्न उभा आहे. मेणात दात घडवायचा, त्याच्या साच्यात धातू ओतायचा आणि वर चिनीमातीचे थर चढवायचे, ही जुनी पद्धत. आता संगणकावर दाताचा आकार काढून तो यंत्राने कोरून घेण्याची पद्धत रुळली आहे. कोरणाऱ्या यंत्राला मिलिंग मशीन म्हणतात. मोठ्या शहरातल्या लॅबकडे काम भरपूर, त्यामुळे त्यांना ते परवडते. पण वाशिमसारखा जिल्हा घ्या. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या सुमारे १२ लाख, सहा तालुके, नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत नाव. इथल्या छोट्या लॅबने हे यंत्र घ्यावे का, आणि घ्यायचे तर कोणते? प्रश्न धंद्याचा वाटतो. पण निवड चुकली तर त्याची किंमत रुग्णाच्या दाताला मोजावी लागते, आणि कधी कधी कारागिराच्या फुप्फुसांनाही.

कागदाएवढी फट

कॅप चांगली की वाईट, हे तिच्या चमकेवरून कळत नाही. हिरडीजवळ जिथे कॅपची कड आणि दात एकमेकांना भेटतात, तिथे किती फट राहिली, यावर सारे अवलंबून असते. ही फट सिमेंटने भरलेली असते. फट रुंद असेल तर लाळेने सिमेंट हळूहळू झिजते, अन्नाचे कण आणि जिवाणू आत शिरतात आणि कॅपखालचा दात किडू लागतो. रूट कॅनाल झालेल्या दाताची नस काढलेली असल्याने तो ठणकत नाही. कळते तेव्हा कॅप हातात येते आणि खाली उरलेले खोड वाचवण्यासारखे नसते.

१९७१ मध्ये मॅक्लीन आणि फॉन फ्राउनहोफर या संशोधकांनी या फटीची मर्यादा सुमारे १२० मायक्रॉन सांगितली. दंतशास्त्रात आजही हाच आकडा दाखल्यासाठी घेतला जातो. १२० मायक्रॉन म्हणजे वहीच्या एका कागदाच्या जाडीपेक्षा किंचित जास्त. यंत्र निवडताना बाकीच्या सगळ्या गोष्टी या एका कागदाच्या जाडीवर तपासायच्या आहेत.

कुंभाराच्या मडक्यासारखी कॅप

दाताचे माप प्रकाशाने घ्यावे आणि यंत्राने दात कोरावा, ही कल्पना फ्रान्समधील फ्रांस्वा दुरे यांनी १९७३ च्या आपल्या प्रबंधात मांडली. ती रुग्णापर्यंत पोचली झ्युरिकमध्ये. तिथल्या विद्यापीठातले दंतवैद्य वर्नर मोरमान आणि अभियंते मार्को ब्रांडेस्टिनी यांनी घडवलेल्या यंत्राने सप्टेंबर १९८५ मध्ये पहिल्या रुग्णाच्या दातात यंत्राने कोरलेले भरण बसवले.

आज लॅबमध्ये सर्वाधिक कोरला जाणारा पदार्थ म्हणजे झिरकोनिया, झिरकोनियम या धातूचे ऑक्साइड. तो चहाच्या बशीपेक्षा लहान, ९८ मिलिमीटर व्यासाच्या जाड चकतीच्या रूपात मिळतो. पूर्ण भाजलेला झिरकोनिया इतका कठीण की तो कोरताना अवजारेच झिजून जातील. म्हणून चकती अर्धवट भाजलेली, खडूसारखी मऊ असते. यंत्र तिच्यातून कॅप कोरते आणि मग ती सुमारे १५०० अंश सेल्सिअसच्या भट्टीत भाजली जाते. कुंभाराचे मडके भाजताना आकसते तशी ही कॅपही आकसते, तीही सुमारे २० टक्क्यांनी. म्हणून ती मुळातच तेवढी मोठी कोरावी लागते. नेमकी किती मोठी, याचा आकडा प्रत्येक चकतीवर छापलेला असतो आणि तो संगणकात भरायचा असतो.

हा आकडा चुकला तर काय होते? समजा चकतीवर १.२५ लिहिले आहे आणि घाईत १.२४ भरले गेले. १० मिलिमीटर रुंदीची एक कॅप ८० मायक्रॉनने लहान होईल. तीन दातांचा ३० मिलिमीटरचा पूल २४० मायक्रॉनने आखूड होईल. म्हणजे मर्यादेच्या दुप्पट चूक, आणि तीही यंत्र निर्दोष असताना. यंत्र कितीही महाग असले तरी चकती बनावट असेल, तिच्यावरचा आकडा भरवशाचा नसेल किंवा भट्टीचे तापमान खरे नसेल, तर कॅप बसणार नाही. यंत्र, भट्टी आणि चकती या तिघांचा विचार एकत्रच करावा लागतो.

चार अक्ष की पाच?

विक्रेता पहिला प्रश्न विचारतो, चार अक्षांचे यंत्र हवे की पाच अक्षांचे? दोन्हीत फिरते अवजार आणि चकती पुढे-मागे, डावी-उजवीकडे आणि वर-खाली सरकतात. चौथ्या अक्षामुळे चकती स्वतःभोवती उलटते आणि कॅप आतून-बाहेरून कोरता येते. पाचव्या अक्षामुळे ती बाजूलाही कलते, म्हणून तिरप्या, लपलेल्या जागी अवजार पोचते.

सुट्या कॅप आणि छोटे पूल चार अक्षांवर उत्तम होतात. पाचवा अक्ष लागतो तो लांब पुलांना, एकमेकांशी तिरप्या असलेल्या दातांना आणि काही इम्प्लांटच्या कामांना. दात काढल्यावर ती जागा वर्षानुवर्षे रिकामी ठेवली की शेजारचा दात त्या जागेकडे झुकतो. पेरणी-सोंगणीच्या धावपळीत आणि पैशांच्या ओढाताणीत उपचार पुढे ढकलणारे रुग्ण ज्या लॅबच्या दंतवैद्यांकडे जास्त असतील, तिच्याकडे असे झुकलेले दात अधिक येणार. हे माहीत करून घ्यायला कॅटलॉग लागत नाही. लॅबने मागच्या सहा महिन्यांचे साचे काढून पाहावेत. दहांपैकी नऊ कामे सुट्या कॅपची असतील, तर पाचव्या अक्षासाठी जादा पैसे मोजण्याचे कारण नाही.

दुसरी निवड कोरड्या आणि ओल्या यंत्रातली. झिरकोनिया, तात्पुरत्या कॅपचे अॅक्रिलिक आणि मेण कोरडे कोरले जाते. काचेच्या जातीचे चिनीमाती पदार्थ आणि टायटॅनियम कोरताना पाण्याची धार लागते. एकच यंत्र दोन्ही करते असे सांगितले जाते आणि तशी यंत्रे आहेतही. मात्र कोरडे काम झाल्यावर धूळ पूर्ण न काढता पाणी सोडले तर आत चिखल होतो, आणि ओल्या कामानंतर यंत्र वाळेपर्यंत थांबावे लागते. एकाच कारागिरावर चालणाऱ्या लॅबमध्ये ही साफसफाई दिवसाचा मोठा भाग खाते. छोट्या लॅबसाठी फक्त कोरडे यंत्र बहुतेक वेळा पुरते. समोरच्या दातांसाठी काचेच्या जातीचे काम क्वचित आले तर ते बाहेरून करून घेता येते.

विदर्भात खर्रा चघळण्याची सवय मोठी आहे. सतत सुपारी चावून दाढा झिजतात, चाव जड होतो. अशा रुग्णाच्या मागच्या दाढेला दिसायला पारदर्शक पण तुलनेने नाजूक झिरकोनियापेक्षा दणकट प्रकारच हवा. आंतरराष्ट्रीय मानकानुसार दाढेचा समावेश असलेल्या तीन दातांच्या पुलाला किमान ५०० मेगापास्कल आणि चार किंवा अधिक दातांच्या पुलाला ८०० मेगापास्कल ताकदीचा पदार्थ लागतो. लॅबला कोणत्या चकत्या रोज लागणार, हे असे रुग्णांच्या सवयींवरून ठरते. म्हणून यंत्र कोणत्याही कंपनीची ९८ मिलिमीटरची चकती घेते का, की त्याच कंपनीची महाग चकती घेण्याची सक्ती आहे, हे आधीच विचारावे. सॉफ्टवेअरचेही तसेच. परवाना एकदाच घ्यायचा की दरवर्षी पैसे भरायचे, आणि नाही भरले तर ते चालते की बंद पडते, हे लेखी घ्यावे.

वीज, हवा आणि मे महिना

शोरूममध्ये यंत्र वातानुकूलित खोलीत स्थिर विजेवर चालते. वाशिममध्ये मे महिन्यात पारा ४० अंशांच्या वर जातो आणि पावसाळ्यात हवेत दमटपणा असतो. यंत्राच्या माहितीपुस्तिकेत ते किती तापमानापर्यंत आणि किती दमटपणात चालते, हे दिलेले असते. ते पान आधी वाचावे. वातानुकूलन लागणार असेल तर त्याचा खर्च यंत्राच्या किमतीतच धरावा.

वीज मध्येच गेली की कोरणे अर्धवट थांबते आणि चकतीचा तेवढा भाग वाया जातो. टेबलावर मावणाऱ्या यंत्राला यूपीएस पुरतो. भट्टीची गोष्ट वेगळी. तिला वीज कितीतरी जास्त लागते आणि नेहमीचे भाजणे कित्येक तास चालते. मध्येच वीज जाऊन भट्टी एकदम थंड झाली तर कॅपला तडे जाऊ शकतात. भट्टी रात्री लावण्याची पद्धत आहे, म्हणून रात्रीची वीज कशी असते, हे पाहूनच इन्व्हर्टर किंवा जनरेटरची क्षमता ठरवावी.

तिसरी गोष्ट दाबाखालच्या हवेची. अनेक यंत्रांना कॉम्प्रेसरची हवा लागते. तिच्याने अवजाराभोवतीची धूळ उडते आणि मिनिटाला हजारो फेरे घेणाऱ्या स्पिंडलमध्ये कण शिरत नाहीत. ही हवा कोरडी आणि तेलाच्या अंशाशिवाय असावी लागते. पावसाळ्यात साध्या कॉम्प्रेसरच्या टाकीत पाणी साचते, ते नळीतून यंत्रात जाते आणि स्पिंडल खराब होतो. स्पिंडल हा यंत्राचा महागडा भाग. त्यामुळे हवा वाळवणारे उपकरण चैनीचे समजू नये.

यंत्र बिघडले तर तंत्रज्ञ कुठून येणार? समृद्धी महामार्ग वाशिम जिल्ह्यातून, कारंजा-मालेगावच्या बाजूने जातो, त्यामुळे नागपूर आता पूर्वीइतके दूर राहिलेले नाही. तरीही विक्रेत्याचा सेवा-तंत्रज्ञ प्रत्यक्षात कोणत्या शहरात राहतो आणि किती तासांत येईल, हे करारात लिहून घ्यावे. चार पैसे कमी असलेले यंत्र सुट्या भागासाठी तीन आठवडे बंद राहिले, तर तेवढ्यात दंतवैद्य दुसऱ्या लॅबकडे वळतात.

आधी दात मोजा

आता हिशेब. यंत्र, भट्टी, स्कॅनर, सॉफ्टवेअर आणि कॉम्प्रेसर मिळून २० लाख रुपये लागतात, असे केवळ उदाहरणासाठी धरू. पाच वर्षांचे कर्ज, व्याज ११ टक्के. महिन्याचा हप्ता सुमारे ४३,५०० रुपये येतो. बाहेरून कोरून घेण्यापेक्षा स्वतः कोरले तर प्रत्येक कॅपमागे ६०० रुपये वाचतात, असे समजू. मग नुसता हप्ता भरायला महिन्याला ७३ कॅप लागतात, म्हणजे कामाच्या दिवशी जवळपास तीन. दुरुस्ती, अवजारे आणि सॉफ्टवेअर यांसाठी महिन्याला आणखी ५,००० रुपये धरले तर आकडा ८१ वर जातो. लॅबकडे महिन्याला ३० च कॅप येत असतील तर बचत १८,००० रुपयांची आणि नुसत्या हप्त्यापोटी २५,५०० रुपये खिशातून.

आकडे प्रत्येकाने आपले घालावेत, पण हिशेबाची रीत हीच. तोटा भरून काढण्याचे मार्गही ठरलेले असतात. झिजलेले अवजार आणखी काही कॅपसाठी वापरणे, स्वस्त चकती आणणे, यंत्राची तपासणी पुढे ढकलणे. या प्रत्येक काटकसरीची खूण शेवटी कॅपच्या कडेवर उमटते.

काम कमी असेल तर मधला रस्ता आहे. आधी फक्त स्कॅनर आणि सॉफ्टवेअर घ्यायचे. प्लास्टरचा साचा स्कॅन करून कॅपचा आकार स्वतः काढायचा आणि ती फाइल मोठ्या शहरातल्या मिलिंग केंद्राला पाठवायची. कोरलेले काम कुरिअरने परत येते. त्याला शेवटचा रंग आणि झिलई लॅबमध्येच द्यायची. यात कौशल्य लॅबमध्येच राहते. मिलिंग मशीन यंत्रवत काम करते, पण चाव कसा हवा, शेजारच्या दाताला कॅप किती टेकायला हवी, हे ठरवणारा माणूस संगणकासमोर बसलेला असतो. वर्षभर असे काम केले की महिन्याला किती आणि कोणते दात येतात, याची खरी नोंद हाती येते. मग यंत्राचा निर्णय अंदाजावर राहत नाही.

कर्जासाठी योजना आहेत. केंद्राच्या पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात नव्या उद्योगाला प्रवर्ग आणि ठिकाणानुसार प्रकल्प खर्चाच्या १५ ते ३५ टक्के अनुदानाची तरतूद आहे. राज्याचा मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमही आहे. चौकशी जिल्हा उद्योग केंद्रात करावी. मात्र अनुदान मिळते म्हणून गरजेपेक्षा मोठे यंत्र घेतले, तर उरलेला हप्ता शेवटी दातांच्या संख्येतूनच फेडावा लागतो.

धूळ कोणाच्या छातीत?

खरेदीच्या गडबडीत एक गोष्ट हमखास मागे पडते, ती धूळ. डेंटल लॅबच्या धुळीचा धोका नवा नाही. साच्यांच्या काही पदार्थांतली सिलिका, ओतकामाच्या धातूंतले कोबाल्ट-क्रोमियम आणि काही मिश्रधातूंतले बेरिलियम फुप्फुसांना घातक ठरते, हे वैद्यकाला ठाऊक आहे. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २००४ मध्ये पाच राज्यांतल्या डेंटल लॅब कामगारांमधल्या सिलिकोसिसची माहिती प्रसिद्ध केली होती. हा आजार बरा होत नाही. दम लागू लागतो तोवर फुप्फुसाचे नुकसान झालेले असते.

या बाबतीत मिलिंग मशीन कारागिराला दिलासा देऊ शकते. ओतकाम कमी झाले की त्यातली धूळही कमी होते, आणि कोरण्याचे काम बंद पेटीत चालते. पण झिरकोनिया कोरताना पिठासारखी बारीक धूळ निघते आणि पेटी उघडताच ती बाहेर येते. यंत्राला जोडलेला धूळ ओढणारा पंप आणि बारीक कण अडवणारा हेपा फिल्टर हवाच. घरगुती व्हॅक्यूम क्लीनर जोडून भागवले तर बारीक कण मागच्या बाजूने पुन्हा खोलीत येतात. फुंकर मारून किंवा कॉम्प्रेसरच्या हवेने पेटी साफ करू नये. भाजल्यावर कॅप हाताने घासताना एन-९५ मास्क वापरावा. साधे कापडी फडके अशा धुळीला अडवत नाही. यंत्राच्या दरपत्रकात धूळ ओढणारा पंप ‘ऐच्छिक’ म्हणून वेगळा दाखवलेला असेल, तर लॅबने तो ऐच्छिक मानू नये.

शेवटची परीक्षा

विक्रेत्याने आणलेली नमुन्याची कॅप नेहमीच सुंदर असते. खरी परीक्षा आपल्या कामावर घ्यावी. लॅबने आपल्याच दंतवैद्याच्या दवाखान्यातून आलेले एक सुट्या दाताचे आणि एक तीन दातांच्या पुलाचे माप प्रात्यक्षिकाला न्यावे आणि तिथेच कोरून, भाजून मागावे. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवावी. कोरणारे अवजार गोल असते. त्याच्या व्यासापेक्षा अरुंद कोपऱ्यात ते शिरू शकत नाही. दंतवैद्याने दाताच्या कडा धारदार ठेवल्या असतील, तर यंत्र तिथे आतून जास्त कोरते आणि कॅप सैल होते. म्हणून यंत्र घेण्याआधी आपल्या दंतवैद्यांशी बसून दात कसा कोरायचा, यावर बोलणे गरजेचे आहे.

रुग्णालाही दोन-तीन गोष्टी विचारता येतात. कॅप कशाची आहे? धातूची असेल तर त्यात निकेल आहे का? कारण काहींना निकेलची अॅलर्जी असते. झिरकोनियाची असेल तर चकती कोणत्या कंपनीची, आणि तिची नोंद मिळेल का? कॅप बसवल्यावर चाव उंच वाटत असेल किंवा तिथे अन्न अडकत असेल, तर ‘सवय होईल’ म्हणून सोडून न देता लगेच दाखवावे.

कोरलेली, भाजलेली कॅप प्लास्टरच्या साच्यावर बसवली की दंतवैद्य सुईसारख्या टोकाचे साधन दाताच्या कडेवरून हळूच फिरवतात. दातावरून कॅपवर आणि कॅपवरून दातावर ते टोक न अडता सरकले, तर यंत्र, भट्टी, चकती आणि माणूस या सगळ्यांचे जमले म्हणायचे. ते टोक अडले, तर सौदा थांबवून चूक माप घेण्यात आहे, आकड्यात आहे की यंत्रात, हे आधी शोधावे.